भाऊसाहेबांच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

संध्याकाळचे साडेपाच. चैत्रातला दिवस. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत भाऊसाहेबांच्या घराचा ओटा. ओट्यावर तीन पेन्शनर बसलेले, चौथा येतोय.

माणूस नोकरीत असताना त्याचे किस्से फाइलीत जातात आणि तिथंच कुजतात. पेन्शन लागली की फाइल बंद होते, पण घडायचं ते घडतच राहतं. मग ते ओट्यावर येऊन साचतं. आमच्या ओट्यावर इतकं साचलं आहे की रस्त्यानं जाणारे म्हणतात, "म्हातारे मजेत दिसतात, रोज हसतात!" मी उभं आयुष्य बातमीदारीत घालवलं, म्हणून सांगतो. हसणं ही एक बातमी आहे आणि मजेत असणं ही दुसरी. दोन्ही एका मथळ्याखाली छापू नयेत.

तर आम्ही चौघं. भाऊसाहेब कोर्टात नाझर होते. घराणं भिक्षुकीचं, त्यामुळे एका हातात समन्स आणि दुसऱ्या हातात पंचांग अशीच त्यांची सगळी नोकरी झाली. गुलाबराव पुरवठा खात्यात होते. मूळचे अकोल्याचे, म्हणून अमरावतीला नावं ठेवण्याचा हक्क ते रोज न चुकता बजावतात. मी पेपरवाला. आणि जे येत होते ते विठ्ठलराव, भाऊसाहेबांचे शेजारी, भिंतीला भिंत. बार्शीटाकळीकडच्या शेतकरी घरातला माणूस, शिकून बांधकाम खात्यात ओव्हरसीअर झाला.

विठ्ठलराव आले, बसले, आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "कुसुमले दिवस गेले. पाचवा लागला म्हणे."

कुसुम त्यांची एकुलती एक मुलगी. जावई नैरोबीला शाळेत मास्तर. तिचं पहिलं बाळंतपण तिकडेच झालं होतं आणि मूल वाचलं नव्हतं. त्या वेळी तिच्याजवळ माहेरचं एक माणूस नव्हतं. म्हणून ओट्यावर कोणी लगेच "वा वा" म्हणालं नाही.

"यावेळी तिले इकडेच आणतो," विठ्ठलराव म्हणाले. "तिची माय म्हणते, बाळंतपण माह्या डोळ्यासमोर झालं पायजे."

"मग आणा की! अडचण काय?" मी विचारलं.

"खोली गळते."

आता हे ऐका! ज्या माणसानं जिल्हाभर पूल बांधले, डाकबंगले बांधले, ज्याच्या छपराखाली कधी साहेबाच्या टोपीवर थेंब पडला नाही, त्याच्या स्वतःच्या घरातली बाळंतिणीची खोली गळत होती. नोकरीभर हा माणूस कॅम्पवर. घराच्या छपराकडे मान वर करून बघायला वेळ मिळाला तो पेन्शनीत.

तेवढ्यात शेजारच्या अंगणातून वहिनींचा, म्हणजे विठ्ठलरावांच्या मंडळींचा, आवाज आला. "सांगा त्यायले! म्हणा, सरकारचा एकबी पूल वाहून नाई गेला, पन माह्या घरात दरसाल पूर येते!"

*

घरदुरुस्ती म्हटली की सिमेंट. सिमेंट म्हटलं की परमिट. त्या काळी सिमेंट दुकानात मिळत नसे, सरकारी कागदावर मिळत असे. आणि परमिट म्हटलं की आमचे गुलाबराव! ती खिडकी त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं सांभाळली होती.

"चला," गुलाबराव म्हणाले. "तिथला पोट्टा माह्या हाताखाली तयार झाला. मले पाहून उभा राहीन."

पोट्टा खरोखरच उभा राहिला. नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. मग अर्ज वाचला आणि परत दिला.

"साहेब, घरदुरुस्तीला सिमेंट देता येत नाही. फक्त नव्या बांधकामाला."

"हा नियम कोनं केला बे?"

"तुम्हीच शिकवला, साहेब! दुरुस्तीवाल्याले उभं करू नको, दुरुस्ती कधी संपत नाही, असं तुम्हीच म्हणत होते."

गुलाबराव चिडले. "मग काय घर पाडू? पाडतो, आन् नवीन बांधकाम म्हणून अर्ज देतो!"

"चालेल, साहेब," पोट्टा नम्रपणे म्हणाला. "फक्त पाडल्याचा दाखला जोडा!"

घराजवळ आल्यावर गुलाबराव म्हणाले, "च्या मात्र चांगला पाजला."

त्या खिडकीतून त्यांनी स्वतः किती जणांना असंच, तेही चहा न पाजता, परत पाठवलं असेल, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. सवयच तशी. पण त्यांचा चेहरा बघून मी तो गिळला.

*

सिमेंट नाही तर चुना. चुन्याला परमिट लागत नाही, मिस्त्री लागतो!

सखाराम मिस्त्री आला, त्यानं शिडी लावली, आणि त्या एका खोलीचे सोडून सगळ्या घराचेच कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून अंगणात रचले. म्हणाला, लाकडं वाळवीनं खाल्ली आहेत, एकदाच काय ते पाहून घेऊ. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौकशी केली, तर पातूरला मेहुणीच्या लग्नाला गेलेला!

विठ्ठलराव आपल्याच घरात, बैठकीच्या खोलीत, आरामखुर्चीवर डोक्यावर छत्री उघडून बसले. वर निळं आभाळ आणि वैशाखाचं ऊन. येणारा-जाणारा फाटकातून डोकावून विचारायचा, "ओव्हरसीअर सायेब, हवेशीर केलं का घर?"

मिस्त्री आठवड्यानं उगवला. अंगाला अजून हळदीचा वास. विठ्ठलराव कडाडले, "काहून रे, असं उघडं घर टाकून जातात काय? सरकारी कामावर असं केलं असतं तर हजेरी कापली असती तुही!"

"म्हनूनच त सरकारी कामावर कधी आलो नाई जी!" सखाराम म्हणाला.

मग त्यानं एकेक लाकूड ठोकून पाहिलं, मान हलवली, परतवाड्याहून सागवान आणावं लागेल असं सांगितलं, आणि ते आणायला म्हणून जो गेला तो गेलाच.

*

वैशाखाच्या मध्यावर नैरोबीहून पत्र आलं. तिथल्या डॉक्टरनं कुसुमला प्रवास मना केला होता. बोट नको, दगदग नको, जमेल तेवढं पडून राहा. मागचा अनुभव होता, म्हणून जावईही घाबरला होता.

विठ्ठलराव ओट्यावर येऊन म्हणाले, "पोरगी येत नाई. आता तिची माय म्हणते, आपनच जाऊ."

आमच्यात सगळ्यांत लांब गेलेले भाऊसाहेब, ते काशीपर्यंत. पण सल्ला द्यायला प्रवास करावा लागत नाही! मुंबईहून मोंबासापर्यंत बोट, पुढे रेल्वे, एवढं कळल्याबरोबर ओटा कामाला लागला. गुलाबरावांना काळजी बोटीवर ज्वारीची भाकर मिळते की नाही याची. भाऊसाहेबांना काळजी संध्येसाठी गोडं पाणी मिळतं की नाही याची. संध्या विठ्ठलराव करत नाहीत, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

वहिनींनी कोणाला काही विचारलं नाही. त्यांनी बांधाबांध सुरू केली. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, ओवा, शेकाची शेगडी. आणि शेवटी त्यांनी माळ्यावरून काय काढलं असेल? बाज!

"बाज?" विठ्ठलराव ओरडले.

"हो, बाज. मी अकोल्याहून आणली माह्या माहेरून. कुसुम हिच्यावरच झाली. तिकडे लोखंडाच्या खाटा असतीन. बाळंतिणीले खालून शेक कसा द्याचा? लोखंड तापवू का पोरीच्या पाठीखाली?"

"अवं, बोटीवर बाज घेऊन कोणी जाते काय?"

"मानसं जातात त बाज काहून नाई?"

गुलाबराव मध्ये पडले. "वहिनी, तिकडे बाज भेटन का नाई मले माहीत नाई. पन सिंह मात्र नक्की भेटन!"

आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

"भेटू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "मागल्या टायमाले तिच्याजवळ सिंहबी नव्हता. कोनीच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलराव टेप घेऊन अंगणात बसले. त्यांनी बाजेची वीण सोडली, पाय आणि दांड्या सुट्या केल्या, मोजल्या, आणि सगळं गोणपाटात शिवून टाकलं. पुलाचं काम मोजायचे तसंच, मान खाली घालून.

*

परदेशी जायचं तर सुया टोचून घ्याव्या लागतात. पिवळ्या तापाची सुई मुंबईलाच मिळते असं कळलं. देवीची आणि पटकीची आमच्याकडे सरकारी दवाखान्यात.

दोघं गेले. मी सोबत. कंपाउंडरनं विचारलं, "कुठं जाता आजी?"

"आफ्रिकेत."

तो आतल्या लोकांना बोलावून आला. आफ्रिकेत जाणारी म्हातारी बघायला दवाखाना जमा झाला. वहिनींनी दोन्ही दंड पुढे केले, सुया घेतल्या, पदर सावरला. विठ्ठलरावांची पाळी आली. कंपाउंडरनं सुई उकळत्या पाण्यातून चिमट्यानं बाहेर काढली आणि आमचे ओव्हरसीअर, नदीच्या पुरात दोर धरून उभे राहिलेले ओव्हरसीअर, बाकावर आडवे झाले!

त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. ते सावध झाले. कंपाउंडर म्हणाला, उद्या या.

"उद्या?" वहिनी म्हणाल्या. "पोरीचे दिवस का उद्यावर थांबतीन? ह्यायची सुई बी मलेच द्या, आन् आमाले मोकळं करा!"

रात्री वहिनींना ताप भरला, दोन्ही हात सुजले. चहाचा कप उचलवेना. विठ्ठलरावांनी कप त्यांच्या तोंडाशी धरला, हे मला भाऊसाहेबांच्या घरातून कळलं. ओट्यावर ते दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.

*

पासपोर्टचा अर्ज इंग्रजीत मी लिहून दिला आणि तो मुंबईला गेला.

पूर्वी आमचा प्रांत नागपूरला बांधलेला होता. काही अडलं की रात्रीच्या गाडीनं नागपूर गाठायचं आणि सकाळी साहेबाच्या टेबलावर हात आपटायचा. मी स्वतः आपटला आहे. मग महाराष्ट्र झाला आणि सगळं मुंबईला गेलं. आता हात इकडे आणि टेबल तिकडे!

तिकडून कळलं की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतात की नाही याची इथले पोलीस चौकशी करतील, मग पुढचं बघू.

भाऊसाहेबांनी पंचांग उघडलं. "वैशाख वद्यात एक दिवस चांगला आहे. त्यापुढे शुक्राचा अस्त. मग बरेच दिवस लांबच्या प्रवासाला बाहेर पडू नये."

"पासपोर्ट कुठं आला अजून? निघू कसा?" विठ्ठलराव म्हणाले.

"निघायचं नाही. प्रस्थान ठेवायचं."

ज्यांना ही चाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांगल्या दिवशी निघणं जमत नसेल, तर त्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि आपलं एखादं वस्त्र गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. शास्त्राच्या हिशेबानं तुम्ही निघालात! पुढे गाडी मिळेल तेव्हा ते गाठोडं उचलायचं आणि तिथूनच जायचं. ते घरी परत आणायचं नाही. काटेकोर पाळणारे तर स्वतःही मग आपल्या घराचा उंबरा ओलांडत नाहीत.

मला हे पटत नाही. मी तोंडावर म्हणालो, "भाऊसाहेब, पासपोर्टवर शुक्राची सही लागत नाही!"

भाऊसाहेब उत्तर देणार तोच वहिनी बोलल्या. "भाऊजी, लग्नानंतर पोरगी पहिल्यांदा तिकडे निघाली तेव्हा मी काईच पाळलं नाई. हे म्हणाले, काई होत नाई. मीबी म्हणाली, काई होत नाई. आता मी सगळं पाळीन."



गाठोडं भाऊसाहेबांच्या देवघरात गेलं. त्याच्या मागून गोणपाटात शिवलेली बाज गेली. बाजेच्या मागून वहिनी गेल्या. "मी असलं काही मानत नाई," असं ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणून विठ्ठलराव त्याच संध्याकाळी उशी काखेत मारून तिकडे राहायला आले. घराला छप्पर नसलेल्या माणसाला मानण्या-न मानण्याची चैन परवडत नाही. जाताना त्यांनी पुढच्या दाराला कुलूप मात्र लावलं!

"झाला बावा परदेश!" गुलाबराव म्हणाले. "भिंतीच्या पलीकडे!"

प्रस्थानाला मुदत असते. ती संपली, मुंबईहून काही आलं नाही. भाऊसाहेबांनी पंचांग चाळून एक सोय काढली. तीही मुदत संपली, तेव्हा दुसरी सोय काढली. कोर्टातली जन्माची सवय! पंचांगातसुद्धा तारीख वाढवून दिली.

ज्येष्ठ सरत आला तेव्हा सखाराम मिस्त्री सागवान घेऊन आला. छप्पर चढलं, चुना झाला, बाळंतिणीची खोली तयार झाली. आम्ही वहिनींना म्हणालो, निदान बघून तर या. त्या अंगणात गेल्या, खिडकीतून आत बघितलं, उंबरा ओलांडला नाही.

"चांगली झाली," म्हणाल्या. "आता थेंब नाई पडनार."

*

आषाढात मुंबईहून कळवण्यात आलं की अर्ज नामंजूर. कारण, पोलीस चौकशीत अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचं आढळलं नाही.

हे कळवणारा कागद रजिस्टर पोस्टानं त्याच पत्त्यावर आला होता! आणि पोस्टमननं तो विठ्ठलरावांच्याच हातात दिला. त्यांची सही घेऊन!

मी म्हणालो, मी येतो मुंबईला, बघतो एकेकाला. विठ्ठलराव म्हणाले, "तुमी नका येऊ. तुमी भांडता. मले भांडन नाई पायजे, पासपोर्ट पायजे." आणि बडनेऱ्याहून एकटेच गाडीत बसले.

चार-पाच दिवसांनी परत आले. ओट्यावर बसले. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"खिडकीवर म्हटलं, मीच विठ्ठलराव. तो म्हणे, असाल. पण अमरावतीच्या त्या पत्त्यावर तुम्ही नाही. म्हटलं, बावा, मी तुह्या समोर उभा हाये ना! तो म्हणे, समोर उभे आहात ते मुंबईत. अमरावतीत आहात की नाही, ते पोलिसांनी सांगायचं!"

गुलाबराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. भाऊसाहेब हसले नाहीत, ते पंचांग मांडीवर मिटून बसले होते.

"नवा अर्ज दिला," विठ्ठलराव म्हणाले. "नव्यानं चौकशी होईन, मंग पाहू म्हणे. कुसुमले आठवा लागला."

त्या दिवसापासून विठ्ठलराव सकाळी उठून आपल्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. वहिनींनी घातलेलं बंधन पाळून उंबऱ्याच्या बाहेर. पोलीस आला तर दिसलं पाहिजे ना, की इथं माणूस राहतो! दुपारचं जेवण भाऊसाहेबांच्या घरून ताटात झाकून तिथं यायचं. पाऊस आला तर छत्री उघडायचे. मागं कोरडं, नवं छप्पर असलेलं घर, आणि पुढे छत्रीत घरमालक.

पोलीस आला नाही.

*

श्रावणात तार आली.

तारवाल्याला पत्ता शोधावा लागला नाही, शेजारी विचारावं लागलं नाही. सायकलवरून उतरला, ओट्यावर बघितलं आणि म्हणाला, "विठ्ठलराव ओव्हरसीअर?" एका खात्याला आढळला नाही तो माणूस दुसऱ्या खात्याला रस्त्यातच आढळला!

विठ्ठलरावांनी तार हातात घेतली, पण चष्मा घरात. त्यांनी ती माझ्याकडे दिली. "वाचा."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. "काय झालं भाऊजी?"

तारेत पहिली दोन वाक्यं होती ती मी वाचली. "मुलगी झाली. मुलगी सुखरूप आहे."

दिवस पूर्ण भरायचे होते अजून. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. वहिनींनी दोन्ही हात जोडले आणि त्या आत पळाल्या. साठीची बाई पळाली! भाऊसाहेब म्हणाले, "बघा, प्रस्थान ठेवलं होतं." गुलाबराव म्हणाले, "नात आणायले जानं आलं आता."

मी पुढचं वाक्य वाचत होतो. मनात. मग कागद विठ्ठलरावांच्या हातात दिला आणि बोट ठेवून दाखवलं. चष्म्याशिवाय त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. दोनच शब्द होते, पहिला शब्द 'कुसुम'.

वहिनी साखरेची वाटी घेऊन आल्या. गुलाबरावांच्या तळहातावर त्यांनी चिमूटभर साखर ठेवली, ती त्यांनी तोंडात टाकली. भाऊसाहेबांच्या हातावर ठेवली. माझ्या हातावर ठेवली. मग विठ्ठलरावांसमोर उभ्या राहिल्या.

त्यांनी हात पुढे केला नाही.

"घ्या ना," वहिनी म्हणाल्या. "काहून असे पाहून राहिले माह्याकडे?"

*

दुसऱ्या अर्जाची चौकशी करायला कोणी आलंच नाही. नात नैरोबीलाच आहे, जावयाची बहीण सांभाळते. वहिनी अजून म्हणतात, एकदा पाहून येऊ. गाठोडं भाऊसाहेबांच्या देवघरात आहे आणि ते घरी परत न्यायचं शास्त्र नाही. भाऊसाहेबांना कोणी मुहूर्त विचारला तर ते आता म्हणतात, दुसरीकडे विचारा.

मला मात्र स्वस्थ बसवेना. पहिली चौकशी ज्यानं केली त्या जमादाराला मी गाठलं. चांगला गोड माणूस निघाला. बाकावर बसवलं, पान दिलं.

"विठ्ठलराव ओव्हरसीअरची चौकशी तुम्ही केली?"

"हो जी. मी स्वतः गेलतो."

"कधी?"

"जेठात. घराले छप्पर नव्हतं, आन् दाराले कुलूप! तुमीच सांगा, बिनछपराच्या घरात मानूस राहते काय?"

"शेजारी विचारलंत?"

"न विचारून कसं चालीन? नियमच हाये. दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यायले विचारलं. दोघंबी म्हणाले, अशा नावाचं कोनी इथं राहत नाई."

"दोघंही?"

"दोघंबी. एकाच बोलीनं."

मी ते लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर हाये. छापा बिनधास्त!"

मी ते छापायला दिलं. संपादकांनी विचारलं, खात्याचं म्हणणं काय? मी खात्याला विचारलं. त्यांनी वरच्या साहेबांकडे पाठवलं. वरच्या साहेबांना विचारलं, ते म्हणाले चौकशी करू. मी अजून विचारतो आहे.

विठ्ठलरावांच्या घराच्या उजवीकडे भाऊसाहेबांचं घर आहे. ज्येष्ठभर विठ्ठलराव आणि वहिनी त्याच घरात राहत होते, आणि ओट्यावर आम्ही.

डावीकडे नाला आहे.